एकच खोली शिल्लक

समकालीन ब्रिटिश पार्श्वभूमीची शृंगारिक प्रेमकथा साधारण पाच ते दहा हजार शब्दांत आटोपते. दोन माणसे, एखादी रात्र किंवा फार तर शनिवार-रविवार आणि सहजासहजी बाहेर पडता येणार नाही अशी एखादी जागा, एवढ्या भांडवलावर ती उभी राहते. प्रकाशनव्यवहारात प्रेमकथा या नावाला दोन अटी जोडलेल्या असतात. दोघांचे प्रेम कथेच्या गाभ्याशी हवे आणि शेवट सुखाचा, निदान आशेचा हवा. शरीरसंबंधाचे वर्णन तीत मोकळेपणाने येते, पण निव्वळ त्यासाठीच लिहिलेली कामकथा वेगळ्या खणात ठेवली जाते. फरक ओळखायला एक साधी कसोटी पुरते. शय्येचा प्रसंग उरकल्यावर पात्रे आधीसारखीच बोलू शकत असतील, तर ती कामकथा. तसे बोलणे त्यांना आता जमेनासे झाले असेल, तर प्रेमकथा.

कादंबरीला ओळख वाढवायला ऐसपैस जागा असते. मिल्स अँड बून या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेच्या नेहमीच्या प्रेमकादंबरीचा आकार पन्नास हजार शब्दांच्या आसपास असतो. नायक-नायिका भेटतात, भांडतात, दुरावतात, या सगळ्याला तिथे वेळ मिळतो. छोट्या कथेला ही चैन परवडत नाही. म्हणून तिच्यातली माणसे बहुधा एकमेकांना आधीपासून ओळखतात. शाळेतले जुने प्रकरण, मैत्रिणीचा मोठा भाऊ, तीन वर्षे समोरच्या टेबलावर बसणारा सहकारी, भिंतीपलीकडून गिटार वाजवून झोपमोड करणारा शेजारी. ओढ आधीच साचलेली असते आणि कथाकाराला फक्त बांध फोडायचा असतो. त्यासाठी दोघांना एका जागी अडकवावे लागते आणि या कामी ब्रिटन हा देश फार उपयोगी पडतो.

तिथे पाऊस बारमाही, हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार आणि घरे लहान. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात बर्फ पडले की रस्ते बंद होतात. ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न बेटाची वाट दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जाते आणि वेळापत्रक न पाहता गेलेला माणूस पाणी ओसरेपर्यंत तिथेच राहतो. नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, देशभर रेल्वे जवळजवळ पूर्ण बंद असते. आदल्या संध्याकाळची गाडी चुकली की नायिकेला कुणाच्या तरी घरी मुक्काम करणे भागच. लंडनच्या यूस्टन स्थानकातून रात्री सुटून सकाळी स्कॉटलंडला पोचणारी कॅलेडोनियन स्लीपर तर जणू या लेखकांसाठीच धावते. तिच्या डब्यांत पूर्वी वर-खाली बर्थ असत. २०१९ मध्ये आलेल्या नव्या डब्यांत काही खोल्यांत चक्क दुहेरी पलंग आहेत.

या सोयींतूनच वाचकांच्या अतिशय लाडक्या क्लृप्तीचा जन्म होतो. भिजलेले दोघे एखाद्या खेड्यातल्या पबमध्ये शिरतात, वर राहण्याची सोय आहे का विचारतात, आणि मालकीण सांगते की एकच खोली शिल्लक आहे. खोलीत पलंगही एकच. मुरलेल्या वाचकाला हे दुसऱ्या पानावरच कळलेले असते आणि त्याला त्याचे वाईट वाटत नाही. तमाशात गवळण कधी येणार हे ठाऊक असले म्हणून कुणी उठून जात नाही, तसेच हे. गंमत त्या खोलीतल्या पुढच्या अर्ध्या तासात असते. कोण जमिनीवर झोपणार यावरची हुज्जत, एकमेकांना दिलेल्या सतराशे माफ्या, किटलीत उकळणारे पाणी, गरम पाण्याची रबरी पिशवी. चहा करून दोघांचा धीर संपेपर्यंत बरीच पाने उलटतात.

ब्रिटिश कथेची खरी आच या लांबवण्यात असते. भावना तोंडाने बोलून दाखवणे तिथल्या मध्यमवर्गीय वळणात बसत नाही. त्यामुळे पात्रे हवामानावर बोलतात आणि वाचकाने ते बोलणे उलगडून घ्यायचे असते. ‘बरा दिसतोस’ एवढ्या दोन शब्दांच्या कौतुकामागे रात्रभराची तगमग असू शकते. अमेरिकन इंग्रजीत ‘क्वाइट’ हा शब्द विशेषणाला बळ देतो, तर ब्रिटिश माणसाच्या तोंडी तो पुष्कळदा ते अर्ध्यावर आणून ठेवतो. नायिका एखाद्या चुंबनाला ‘क्वाइट नाइस’ म्हणाली, तर ती खवचटपणे हिणवते आहे की लाजून लपवते आहे, हे पुढच्या वाक्यावरून ठरते. विनोदही याच कारणासाठी असतो. अगदी उत्कट क्षणी कुणाचा तरी पाय पेटके येऊन आखडतो किंवा कुत्रा पलंगावर उडी मारतो. दोघे हसतात आणि हसण्याच्या आडोशाने जे बोलायचे ते बोलून घेतात.

भारतीय वाचकाला काही शब्दांनी ठेच लागते. ‘फॅन्सी’ म्हणजे भपकेबाज असे आपल्याकडे समजतात, पण तिथे कुणीतरी कुणाला ‘फॅन्सी’ करते म्हणजे तिला तो आवडतो, आणि तोही शारीरिक अर्थाने. ‘फिट’ माणूस व्यायाम करत असेलच असे नाही, तो फक्त देखणा असतो. ‘स्नॉग’ म्हणजे दीर्घ चुंबन आणि ‘शॅग’ म्हणजे त्याच्या पुढचे सगळे. सर्वात मोठा घोळ ‘पॅन्ट्स’चा. आपली पँट पाटलोण असते, ब्रिटनमध्ये हा शब्द आतल्या चड्डीसाठी वापरतात. नायक स्वयंपाकघरात पॅन्ट्सवर उभा आहे या वाक्यातली सगळी खळबळ हा अर्थ माहीत नसलेल्या वाचकाच्या हातून निसटते. उत्तर इंग्लंडमधल्या कथेत कुणी ‘टी’ला बोलावले, तर ते रात्रीच्या जेवणाचे आमंत्रण असते. नॉटिंगहॅमकडे दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकाला ‘डक’ म्हणतो, यॉर्कशरमध्ये ‘लव्ह’, न्यूकॅसलला ‘पेट’. त्याला प्रणय समजू नये.

उच्चारांवरून माणसाचा वर्ग ओळखण्याची सवय त्या समाजात खोल मुरलेली आहे आणि प्रेमकथेला ती आयतीच सापडते. खासगी वसतिशाळेत शिकलेला वकील आणि मँचेस्टरची नळजोडणी करणारी तरुणी पहिल्या वाक्यातच एकमेकांना जोखतात. जुन्या गढीवजा घराचा वारस तर हुकमी नायक. राजघराण्याबाहेरचे ड्यूक प्रत्यक्षात तीससुद्धा नाहीत. प्रेमकथांत भेटणाऱ्या ड्यूकांची गणती करायला बसले, तर त्या बेटावर उमराव ठेवायला जागा पुरणार नाही.

हे वाचन उघडपणे करता येण्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात वर्गणीच्या वाचनालयांपासून होते. जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी १९०८ मध्ये लंडनला प्रकाशनसंस्था काढली, तेव्हा ती सर्व प्रकारची पुस्तके छापत असे. सुरुवातीच्या लेखकांत जॅक लंडन आणि पी. जी. वुडहाउस ही नावे सापडतात. १९२८ मध्ये मिल्स वारले आणि १९३० च्या दशकात संस्थेने प्रेमकादंबऱ्यांवर भर दिला. ग्राहक म्हणजे मुख्यतः वाचनालये. बूट्स या औषधविक्रेत्या साखळीच्या दुकानांतही वर्गणीची वाचनालये चालत. गल्लीबोळांतल्या स्वस्त वाचनालयांत आठवड्याला दोन पेनी भरून पुस्तक नेता येई. तपकिरी बांधणीमुळे मिल्स अँड बूनची पुस्तके रंगावरूनच मागितली जात. आई आणि मुलगी एकच पुस्तक वाचणार, हे गृहीत धरून लेखिका लिहीत. त्यामुळे चुंबनानंतर दार लागत असे आणि वाचक बाहेर राहत असे.

ते दार कायद्याने उघडले. डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी १९२८ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला खासगीरीत्या छापली गेली होती. तिची न कापलेली आवृत्ती इंग्लंडमध्ये उघड विकता येत नव्हती. १९५९ च्या अश्लील प्रकाशन कायद्याने वाङ्मयीन मूल्याचा बचाव मान्य केला आणि पेंग्विनने पुढच्याच वर्षी साडेतीन शिलिंग किमतीची स्वस्त आवृत्ती छापून सरकारला जणू आव्हान दिले. ओल्ड बेलीच्या न्यायालयात खटला उभा राहिला. आपल्या पत्नीने किंवा नोकरांनी हे पुस्तक वाचलेले तुम्हाला चालेल का, असा प्रश्न सरकारी वकिलाने ज्यूरीला विचारला. १९६० साली असा प्रश्न विचारणारा माणूस कोणत्या शतकात राहतो, हे ज्यूरीला कळून चुकले असावे. २ नोव्हेंबरला पेंग्विन निर्दोष सुटले आणि विक्री सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी दोन लाख प्रती संपल्या.

याच पुस्तकाचा दुसरा खटला मुंबईत झाला आणि निकाल उलटा लागला. ते विकल्याबद्दल एका मुंबईकर पुस्तकविक्रेत्याला वीस रुपये दंड झाला होता. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. मराठी लेखनाच्या वाट्याला मात्र पाच वर्षांनी वेगळा निर्णय आला. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली होती. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचे ठरवून त्याला सोडले. दिवाळी अंकांना तेव्हा कसला दिलासा मिळाला असेल, याची कल्पना जुन्या संपादकांनाच.

ब्रिटनमध्ये कायदा मोकळा झाल्यावरही लेखणी लगेच मोकळी झाली नाही. ‘द पीपल्स फ्रेंड’ हे डंडीहून १८६९ पासून निघणारे साप्ताहिक आजही कथा छापते आणि त्या घरातल्या सगळ्यांनी वाचाव्यात अशा सोज्ज्वळ असतात. चावटपणाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती जिली कूपर यांनी. १९७५ पासून त्यांनी ‘एमिली’, ‘बेला’ अशा नायिकांच्या नावांच्या छोट्या कादंबऱ्या लिहिल्या, आणि नियतकालिकांतल्या प्रेमकथा १९८१ च्या ‘लिसा अँड को’ या संग्रहात एकत्र केल्या. या कथांत नोकरी करणाऱ्या, विसराळू, मनाने हळव्या मुली आहेत. आच मंद आहे, पण जिली कूपरची सगळी हातोटी त्यांत दिसते. वाक्यात श्लेष असतो, प्रत्येक कुत्र्याला स्वभाव असतो आणि नायिका स्वतःवर हसू शकते.

त्यांचे मोठे यश म्हणजे १९८५ ची ‘रायडर्स’. रटशर या काल्पनिक परगण्यात, म्हणजे ओळखीच्या कॉट्सवोल्ड टेकड्यांत, घोडेस्वारांच्या स्पर्धा आणि भानगडी एकत्र घडतात. या कादंबरीचे पहिले हस्तलिखित १९७० च्या सुमारास त्यांनी लंडनच्या बसमध्ये विसरून घालवले होते. ते पुन्हा लिहायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. ‘रायव्हल्स’ या पुढच्या कादंबरीवर २०२४ मध्ये मालिका आली, तेव्हा त्यांचे वाचक आजीपासून नातीपर्यंत पसरलेले होते. ५ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. ब्रिटिश ‘सॉसी’पणाला मराठीत नेमका शब्द चावट. अश्लीलतेचा आरोप त्याला चिकटत नाही आणि सोवळेपणाशीही त्याचे जमत नाही. जिली कूपर वाचताना हा शब्द वारंवार आठवतो.

१९९३ मध्ये व्हर्जिन प्रकाशनाने ‘ब्लॅक लेस’ ही मालिका सुरू केली. स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेले उघड शृंगारिक साहित्य अशी तिची जाहिरात होती आणि लेखिका स्त्रीच हवी हा नियम. छोट्या कथांच्या वाचकांसाठी तिचे ‘विकेड वर्ड्स’ हे संग्रह महत्त्वाचे. कार्यालय, समुद्रकिनारा, लंडनची मेजवानी अशा रोजच्या जागा त्यांत येतात आणि इच्छा व्यक्त करण्याचे काम स्त्रीपात्राकडे असते. पुढे मालिकेचा जोर ओसरला. २०१२ मध्ये ती पुन्हा काढली गेली, कारण त्या वर्षी ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ने सगळा बाजार हलवून सोडला होता. लेखिका ई. एल. जेम्स लंडनच्या, कथा मात्र अमेरिकेतल्या सिॲटलची. खप इतका की पुढे धर्मादाय दुकानांत दान आलेल्या प्रती ठेवायला जागा उरली नाही. २०१६ मध्ये स्वान्सीच्या ऑक्सफॅम दुकानातल्या लोकांनी त्यांचा किल्ला रचला. जुन्या प्रेमकादंबऱ्यांना याहून टिकाऊ गतीही मिळालेली आहे. बर्मिंगहॅमजवळच्या एम-६ टोल रस्त्याच्या वरच्या थरात मिल्स अँड बूनच्या सुमारे २५ लाख प्रतींचा लगदा मिसळला आहे.

शृंगार लिहिणाऱ्याची टर उडवण्याची परंपराही तितकीच ब्रिटिश. ‘लिटररी रिव्ह्यू’ या मासिकाने १९९३ पासून कादंबरीतल्या सर्वात वाईट संभोगवर्णनाला पुरस्कार द्यायला सुरुवात केली. गंमत अशी की मुद्दाम शृंगारिक म्हणून लिहिलेली पुस्तके त्यातून वगळलेली असत. मान खाली घालायची पाळी येई ती गंभीर साहित्यिकांवर. मुंबईत जन्मलेले मनील सुरी यांना २०१३ चा पुरस्कार ‘द सिटी ऑफ देवी’ या मुंबईवरच्या कादंबरीसाठी मिळाला. उपमांचा अतिरेक हे अशा वर्णनांचे ठरलेले दुखणे. देहाला ज्वालामुखी, समुद्र किंवा ग्रहगोल बनवले की खोलीतली दोन माणसे दिसेनाशी होतात. बाजारू म्हणून हिणवलेल्या प्रेमकथेच्या चांगल्या लेखिका इथे अधिक सावध असतात. कुणाचा हात कुठे आहे आणि कोण काय म्हणाले, याकडे त्यांचे लक्ष असते.

ई-पुस्तकांनी छोट्या कथेला नवे आयुष्य दिले. ब्रिटनमध्ये किंडलचे दुकान २०१० मध्ये उघडले आणि छापील पुस्तकाच्या जाडीची अट गेली. एकेक कथा स्वतंत्रपणे विकता येऊ लागली, आणि मुखपृष्ठावरचा उघड्या छातीचा नायक आगगाडीतल्या शेजाऱ्याला दिसेनासा झाला. याच वाटेने आलेल्या टालिया हिबर्ट यांनी आधी स्वतःच पुस्तके प्रसिद्ध केली. २०१९ च्या ‘गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन’मुळे त्यांचे नाव झाले. त्यांची नायिका काळी, स्थूल, दीर्घ दुखण्याने त्रासलेली इंग्रज तरुणी आहे. शृंगाराचे प्रसंग भरपूर तिखट, पण त्यांत आज कुठे दुखते आहे हे विचारणारा नायकही असतो. संमती विचारणे हे कायदेशीर कलम न वाटता प्रियाराधनाचाच भाग कसे होते, ते पाहायला ही पुस्तके चांगली.

नुसत्या कथाच वाचायच्या तर बोलू बाबलोला यांचा ‘लव्ह इन कलर’ हा २०२० चा संग्रह आणि सरीता डोमिंगो यांनी संपादित केलेला ‘हूज लव्हिंग यू’ हा २०२१ चा संग्रह हाताशी ठेवण्याजोगे. पहिल्यात जगभरच्या पुराणकथा नव्याने सांगितल्या आहेत, दुसऱ्यात श्वेतेतर लेखिकांच्या प्रेमकथा आहेत. भारतीय वाचकाला अगदी जवळची वाटेल ती मात्र कादंबरी आहे, बल्ली कौर जसवाल यांची २०१७ ची ‘इरॉटिक स्टोरीज फॉर पंजाबी विडोज’. लंडनच्या साउथॉलमधल्या गुरुद्वारात पांढऱ्या दुपट्ट्यातल्या विधवा लिहा-वाचायला शिकण्याच्या वर्गात बसतात. तरुण शिक्षिका अक्षरे शिकवायला जाते, तर या बायका एकमेकींना चावट गोष्टी सांगू लागतात. लिहिता येत नसल्याने त्या रचून सांगतात आणि दुसरी कुणी उतरवून घेते. त्या छोट्या छोट्या गोष्टी कादंबरीच्या पोटात गुंफलेल्या आहेत. दळताना म्हटलेल्या ओव्या ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांना ही रीत नवी वाटू नये.

नव्या वाचकाने तिखटाचा अंदाज घेऊन सुरुवात करावी. वाचकमंडळींत त्यासाठी मिरच्यांची खूण रूढ झाली आहे. एक मिरची म्हणजे चुंबनापाशी थांबणारी कथा, चार-पाच म्हणजे सगळे उघड. ‘क्लोज्ड डोअर’ अशी नोंद असेल तर शय्येचे प्रसंग दाराआड होतात. ‘स्लो बर्न’ म्हणजे आच उशिरा लागते. छोट्या कथेत ही ओढाताण किती ताणता येईल याला मर्यादा असल्याने पहिल्या दोन पानांतले संवाद पाहून निवड करणे बरे. दोघांचे भांडण वाचनीय नसेल, तर त्यांची समेटाची रात्रही नसणार.

या कथा मराठीत आणणाऱ्यापुढे शब्दांची अडचण उभी राहते. अवयवांसाठी मराठीत एक तर संस्कृत शब्द आहेत, ते शरीरशास्त्राच्या तासाला बसवतात, किंवा शिव्या आहेत. मधला, प्रेमाने उच्चारता येईल असा शब्द लावणीत सूचकतेने मिळतो, पण लंडनच्या सदनिकेत तो नऊवारी नेसून आल्यासारखा दिसतो. त्याहून अवघड गोष्ट सर्वनामाची. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठी अनुवादात कार्यालयातले दोघे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर केव्हा येतात, हे ठरवावेच लागते. चुंबनाआधी, चुंबनानंतर, की दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना? लॉरेन्सच्या कादंबरीतला रखवालदार मेलर्स मालकिणीशी जवळीक वाढल्यावर डार्बीशरच्या बोलीत शिरतो, आणि त्या बोलीत जुने ‘दाउ’, म्हणजे इंग्रजीचे हरवलेले ‘तू’, अजून शिल्लक होते. आजच्या लेखिकांजवळ ते नाही. तो क्षण मूळ कथेत लिहिलेलाच नसतो, अनुवादकाला तो स्वतः शोधून मांडावा लागतो.